नावाचा धवला

"कोनाचा लगीन हाय?"

ठाकूबायनं असं विचारलं आणि स्टुडिओतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. ढोलकीवाला होता, बेंजोवाला होता, पेटी मांडीवर घेऊन बसलेले संगीतकार प्रभावळकर होते आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा एक माणूस कानांवर हेडफोन चढवून बसला होता. दादरच्या त्या बंद खोलीत, भिंतींना चारी बाजूंनी गाद्या ठोकलेल्या, तिथं कोणाचं लग्न असणार?

"बाई, लग्न कोणाचंच नाही," प्रभावळकर म्हणाले. "आपण फक्त गाणं रेकॉर्ड करतोय. कॅसेट निघणार आहे."

"गाना नाय, धवला हाय," ठाकूबाय म्हणाली. "त्याच्यान नवऱ्याचा नाव लागतं, नवरीचा नाव लागतं. नाव नाय तं धवला वाऱ्यावर सोरू काय?"

ते दिवस कॅसेटचे होते. मुंबईच्या लहानमोठ्या कंपन्या नवी गाणी शोधत गावोगाव फिरत होत्या आणि आमच्या पेणकडच्या खाडीकाठाला बायकांच्या गळ्यात गाण्यांची कोठारं आहेत, असं कोणीतरी प्रभावळकरांच्या कानावर घातलं होतं. ते स्वतः आमच्या डोंगरखारला येऊन गेले. एका लग्नात त्यांनी ठाकूबायचा धवला ऐकला आणि तिथंच मांडवात ठरवून टाकलं की ही बाई कॅसेटवर पाहिजे.

बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगते. आमच्या आगरी लग्नात तेव्हा भटजीपेक्षा धवलारणीचा मान मोठा. ती गाणार, मग हळद लागणार. ती गाणार, मग नवरानवरी समोरासमोर उभी राहणार. तिनं दोघांची नावं घेऊन धवला म्हटला की लग्न लागलं. भटजी आला तर बरं, नाही आला तर कोणी त्याची वाट बघत नसे. धवलारीण विधवाच असायची आणि ठाकूबायही तरुणपणीच विधवा झालेली. तिचं कपाळ मोकळं, पण पंचक्रोशीतल्या बायकांची कुंकवं तिच्या गळ्यातून निघालेली. लग्नाच्या दिवशी ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे. ती ओळ सोडायची आणि मी तिच्या मागून ती झेलायची. माझी आई गेल्यापासून मी तिच्या पदराला धरूनच वाढले, त्यामुळे तिचे सगळे धवले मला पाठ होते. म्हणून दादरला मीही गेले होते.

"असं करा," प्रभावळकर म्हणाले, "राम आणि सीता घाला."

"त्यांचा लगीन झाला कवाच. परत लावू?"

"मग गणपत आणि शेवंता घाला. कोणीही चालेल."

"कोन गनपत? त्याच्या आयबापाना इचारला काय?"

बेंजोवाल्याला हसू आवरेना. प्रभावळकरांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, पण ठाकूबायपुढे त्यानं हात टेकले होते. ठाकूबायची तरी काय चूक? लग्न झालेल्यांचं नाव घ्यायचं तर एकाच जोडप्याचं लग्न दोनदा लागणार, म्हणजे अभद्र. कोणाचीही नावं घ्यायची तर ती दोघं कुठं एकमेकांशेजारी राहत असतील, भाऊबहीण असतील, कोणी सांगावं? तिच्या लेखी हा साधा, रोकडा प्रश्न होता.

मग ती वळून माझ्याकडे बघायला लागली. बघता बघता तिचा चेहरा खुलला.

"जयवंती, तुजा लावू गो?"

माझा साखरपुडा झालेला होता. हिराजी पाटलाशी. शिमग्यानंतर लग्न. आणि हिराजी तिथंच होता. त्याचाच टेम्पो घेऊन आम्ही दादरला आलो होतो. काचेपलीकडे, रेकॉर्डिंगवाल्याच्या पाठीमागे बाकावर बसून तो चहा पीत होता.

"ठरलेल्याचा लावला तं काय वांधा नाय," ठाकूबाय म्हणाली. "आज ना उद्या लागनारच हाय." आणि काचेकडे तोंड करून ओरडली, "हिराजी, लावू काय रं?"

हिराजीनं कप खाली ठेवला, हसला आणि मान हलवली.

"कोणाचंही लावा, पण लावा एकदाचं," प्रभावळकर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. माझ्या अंगावर काटा आला होता तो कोणाला दिसला नाही.

ठाकूबायनं पदराची गाठ सोडली. तिच्यात हळकुंडाची पूड होती. धवल्याला निघताना हळद घेतल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नसे, मग धवला दादरला का असेना. विधवेनं कोणाला हळद लावायची नसते, म्हणून तिनं ती माझ्यापुढे धरली, मी आपल्याच हातांनी दोन्ही तळहातांना लावली आणि तिनं डोळे मिटून सुरुवात केली.

*मांडव घातला खारीचे काठाला,*
*हिराजी नवरा बसला गो पाटाला.*
*जयवंती बायला हलद लागली,*
*बापाचे घराची सावली सुटली.*

पुष्कळ ओळी होत्या. शेवटी ती दोघांची नावं एका दमात जोडून घेते, तिथं धवला पुरा होतो. ठाकूबाय एकदाही चुकली नाही, मीही नाही. पुन्हा म्हणायची गरजच पडली नाही. प्रभावळकरांनी ठाकूबायला वाकून नमस्कार केला. आम्ही उसळपाव खाऊन परत निघालो आणि पनवेल मागे पडेपर्यंत हिराजी टेम्पो चालवत माझ्याकडे बघत नव्हता. बघितलं असतं तर दोघंही लाजून मेलो असतो.

आम्ही गेल्यावर त्या लोकांनी धवल्याचा ठेका वाढवला. त्यात ढोलकी घातली, बेंजो घातला, मधे मधे पोरांच्या आरोळ्या घातल्या. ठाकूबायचा संथ धवला नाचायचं गाणं होऊन बाजारात आला आणि जो काही चालला म्हणता! त्या मोसमात एक हळद अशी गेली नाही की जिथं ते गाणं वाजलं नाही. एसटी स्टँडवरचे कॅसेटवाले दिवसभर तेच लावून बसायचे. ठाकूबायनं पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "यांना कनाची घाई झाली हाय?" पण नावं शाबूत होती. हिराजी पेणला भाजी उतरवायला गेला की हमाल त्याला 'पाटाला बसला काय रं?' म्हणून चिडवायचे. आमच्या घरी येऊन तो ते माझ्या भावाला सांगायचा, म्हणजे मला कळावं म्हणून.

शिमगा तोंडावर आला होता तेव्हा हमरस्त्यावर हिराजीचा टेम्पो एका ट्रेलरखाली गेला.

त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. मला त्याला बघू दिलं नाही. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं म्हणतात.

गाणं मात्र थांबलं नाही. गाण्याला सुतक नसतं. हिराजीचे दिवस चालू होते तेव्हा पलीकडच्या आळीत हळद होती आणि तिथं 'हिराजी नवरा बसला गो पाटाला' वाजत होतं. आमच्या गावच्या माणसांनी जाऊन ते बंद करायला लावलं. पण एका गावात बंद करता येतं. रोह्याला कोण जाणार, उरणला कोण जाणार? जिथं जाईन तिथं माझं लग्न लागत होतं आणि नवरा मेलेला होता.

पुढे वर्षं गेली. बाबांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. पाहुणे यायचे, पोहे खायचे, विचारायचे, "मुलीचं नाव काय?"

"जयवंती."

"गाण्यातली?"

झालं. तिथंच बैठक संपायची. कोणी तोंडावर नकार देत नसे. पत्रिका, गोत्र, मुलीची उंची, काहीतरी काढायचे. एका बाईनं मात्र सरळ सांगितलं, "धवला लागलेली पोर हाय. नवरा खाल्लेली." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी त्यांना म्हटलं, "बाबा, गाणं आहे ते. गाण्यानं कोणाचं लग्न लागतं काय?" मी हे सगळ्यांनाच सांगायची. सांगून सांगून माझं तोंड दुखायचं.

आणि मग कमलाकर म्हात्रे आला.

तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. नारवेलचा. आमच्या गावात एका हळदीला त्यांचा बँड आला होता. सगळा मांडव माझ्या गाण्यावर नाचत होता आणि मी घरामागच्या पडवीत भांडी घाशीत बसले होते. बँडवाल्यांना चहा द्यायला कोणी नव्हतं म्हणून मला पाठवलं. त्यानं कप घेतला आणि विचारलं, "तूच काय ती?"

"कोन ती?"

"जयवंती."

मी म्हटलं, "हो, मीच ती. आता नवरा खाल्ला काय ते पण विचार."

तो हसला नाही. म्हणाला, "मी तुजा गाना रोज वाजवतंय. क्लॅरिनेटमधून नाव येत नाय. नुसती चाल येते. मना तं त्याच्यान कोन हिराजी कधी ऐकू आला नाय."

मला त्या माणसाच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पडले नाही, पण पुढे त्यांचा बँड आमच्याकडे आला की चहा मीच द्यायची. मला तो आवडला, हे सांगायला मला आज लाज नाही. हिराजीनंतर माझ्याकडे माणूस म्हणून बघणारा तो पहिला. त्यानं घरी सांगितलं, त्याच्या बापानं आमच्याकडे निरोप धाडला आणि सगळं जुळत आलं. फक्त एका गोष्टीवर घोडं अडलं.

कमलाकरची आई बामीबाय म्हणाली, मुलगी करू, पण पाट लावून.

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्याकडे तेव्हा त्याला ना मांडव, ना हळद, ना धवला. तिन्हीसांजेनंतर गावाच्या वेशीबाहेर चार माणसांत उरकायचं, नवरीचं तोंड सवाष्णींनी बघायचं नाही. आणि पाट लागलेल्या बाईचा हात पुढे कुठल्याही हळदीला चालत नाही. पोटच्या पोरीचं लग्न असलं तरी तिनं हळदीच्या वाटीला शिवायचं नाही, लांब उभं राहून बघायचं. मी ठाकूबायच्या पदराखाली वाढलेली पोर. हळदीचा तो मान नसलेली बाई कशी जगते, हे मी रोज बघत होते. तिला निदान धवला तरी होता. मला काय असणार होतं? मला नवरीच व्हायचं होतं. मांडवात, उजेडात, ढोल वाजवून.

बाबा हटून बसले, बामीबाय हटून बसली. शेवटी कमलाकरचे वडील पदाजी म्हात्रे यांनी तोड काढली. भला माणूस. ते म्हणाले, धवला जिनं लावला तिलाच विचारू. ती देईल तो निवाडा.

दुपारची वेळ होती. आमच्या ओटीवर चटया टाकल्या होत्या. नारवेलची मंडळी एका बाजूला, आमचे बाबा आणि गावकीची जुनी माणसं दुसऱ्या बाजूला, मधे भिंतीला टेकून ठाकूबाय. कमलाकर खांबाशी बसला होता. मी आतल्या दारात, अर्धी भिंतीआड. चहा झाला, खाडीच्या बंधाऱ्याचं बोलणं झालं.

"ठाकूबाय," पदाजी म्हणाले, "तू आमच्या घरान तीन पिढ्यांची लग्ना लावलीस. माजा बी तूच लावलास. आमी तुज्या सबदाबाहेर नाय. सांग, दादरला झाला त्यो धवला व्हता काय गाना व्हता? गाना म्हनलास तं पोरीला मांडवातून नेऊ. धवला म्हनलास तं पाट लावू."

ठाकूबाय जमिनीकडे बघत होती.

"त्याच्यान इचारायचा काय?" बाबांचा धीर सुटला. "अवो, मशीनपुढं म्हनलेला गाना त्यो! मांडव नाय, अक्षता नाय. पोरीनं त्याचा हात बी धरला नाय."

"नाव घेतलेला हाय ना?" बामीबाय म्हणाली. "सगल्या जिल्ह्यानं ऐकलेला हाय. उद्या माज्या दारात हलद लागंल आनि त्यो बँडवाला हिराजी नवरा म्हनून वाजवंल. मी कोनकोनाचे तोंडाला हात लावू?"

"बँडवाला तुमचाच पोरगा हाय," गावकीतला एक म्हातारा पुटपुटला. कोणी हसलं नाही.

ठाकूबाय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला तिचं सगळं दिसत होतं. गाणं होतं म्हणाली असती तर मी सुटले असते, पण तिचं काय? जिनं नावं घेतली आणि मग म्हणाली की ती नुसतीच घेतली होती, तिला पुन्हा कोण मांडवात बोलावणार? ज्यांची लग्नं तिनं लावली त्या बायका घरी जाऊन काय विचार करणार? त्या एका शब्दात तिचा सगळा जन्म जाणार होता. तरी तिनं ओठांवरून जीभ फिरवली आणि मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मला कळलं ती काय बोलणार आहे ते. माझा जीव अक्षरशः कानांत येऊन बसला.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "हिराजी तिचा कोन? कोनच नाय! नाव बी घेऊ नका त्याचा."

बाबांना माझं भलंच करायचं होतं. मीही हेच इतकी वर्षं सांगत आले होते. पण दुसऱ्याच्या तोंडून, सगळ्यांसमोर, 'कोनच नाय' असं ऐकलं आणि मला आत थांबवेना. मी दाराबाहेर आले.

"तो उभा राहिला होता," मी म्हटलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. "आत जा गो," बाबा म्हणाले.

"धवल्यात नाव जोडलं की आपल्या गावात नवरा पाटावरून उठतो. हिराजी काचेपलीकडे होता. तिथं कोणी त्याला सांगितलं नव्हतं. ठाकूबायनं त्याचं नाव माझ्या नावाला जोडलं आणि तो बाकावरून उठून उभा राहिला. हात जोडून. त्या मशीनवाल्याला वाटलं चहा पाहिजे असेल, तो हसला. हिराजी नाही हसला. धवला संपला तरी तो तसाच उभा होता, आणि माझ्या हाताला हळद होती, आणि मी त्याच्याकडे बघत होते. ठाकूबायचे डोळे मिटलेले होते. तिनं हे बघितलं नाही. मी बघितलं."



"मंग काय म्हनतेस तू?" पदाजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "त्यो काय व्हता?"

मी कमलाकरकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता आणि त्याची मान जरा, अगदी जरा, नाही म्हणून हलत होती. मला विनवत होता तो. एक शब्द बोलायचा होता. तोच शब्द, जो मी सगळ्या मुलखाला सांगत आले होते.

"लगीन होतं," मी म्हटलं. "लागलं माझं."

ठाकूबायनं पदर तोंडावरून ओढून घेतला.

बामीबाय सगळ्यांत आधी उठली. "जी पोर पंचांत उभी ऱ्हाऊन मेलेल्याला नवरा म्हनते, तिला घरान नेऊन काय करू?" ती नवऱ्याला म्हणाली. "पाट बी नको नि काय बी नको. चला." पदाजींनी बाबांना हात जोडले. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते, त्यांनी बघितलंच नाही.

कमलाकर सर्वांच्या शेवटी उठला. चप्पल घालायला तो बराच वेळ लावत होता.

"माजा काय चुकला?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"काही नाही."

"मंग मी ते गाना वाजवू नको काय आता?"

"वाजव," मी म्हटलं. "लोकांना आवडतं."

तो गेला. पुढच्याच मोसमात त्याचं लग्न झालं, रोह्याकडची मुलगी केली. तो त्यानंतरही हळदीला वाजवायचा आणि माझं गाणंही वाजवायचा. त्यात हिराजी ऐकू यायला लागला की नाही, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

मंडळी गेल्यावर मी ठाकूबायला तिच्या घरापर्यंत सोडायला निघाले. उन्हानं बांध पांढरे पडले होते. अर्ध्या वाटेत ती थांबली.

"मी गाना म्हननार व्हते," ती म्हणाली. "तोंडावर आला व्हता माज्या."

"माहीत आहे मला."

"मंग कनाला बोललीस? एवरी घाई कनाची झाली तुना? माजा काय ऱ्हायला हाय आता? चार लग्ना कमी लावली असती. तुजा सगला बाकी हाय गो." आणि ती भर उन्हात बांधावर मटकन बसली आणि रडायला लागली. मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं. हिराजी गेला तेव्हासुद्धा नाही.

तिला काय सांगणार? मला खरं तर स्वतःचाच राग आला होता. पण मला दुसरं काही जमलं नसतं. हिराजीचं आणि माझं सगळं मिळून तेवढंच होतं. आम्ही कधी हात धरला नाही, एकटे बसून बोललो नाही. तो उभा राहिला आणि मी बघितलं, इतकाच काय तो संसार. त्यालाही नुसतं गाणं म्हणायचं, तर मग त्याच्या मरणाला मी कोण म्हणून रडले होते? मी हे तिला असं सांगितलं नाही. मी म्हटलं, "चल मावशे, ऊन लागतंय."

त्यानंतर ठाकूबायचा मान वाढला. दादरला, मशीनपुढं म्हटलेला धवलासुद्धा लागतो, पोरीनं पंचांत कबूल केलं, म्हणून बायका लांबलांबून तिला बोलवायला यायच्या. ती जायची, पण मला झेलायला नेत नसे. नेता येतच नव्हतं. धवला झेलणारी एकतर कुमारिका पाहिजे नाहीतर सवाष्ण, आणि मी आता यातली कोणीच नव्हते. धवलारीण होण्याइतकी विधवा मी आहे की नाही, याचाही निवाडा कोणी केला नाही. ती गेली तेव्हा तिचे सगळे धवले माझ्याकडे होते आणि ते म्हणायची मला सोय नव्हती. मी अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले. पोरांना खिचडी वाढली, त्यांची नाकं पुसली. बाबा गेले. दिवस जातात, ते काही थांबत नाहीत.

परवा भाच्याच्या मुलीची हळद होती. मी मांडवाच्या कडेला उभी होते, नेहमीसारखी, वाटीपासून लांब. आता बँड नसतो, डीजे असतो. आणि त्यानं ते गाणं लावलं. एवढा दणदणाट की छातीत धडधडायला लागलं, पण चाल मी झोपेतसुद्धा ओळखेन. ठाकूबायचाच आवाज होता तो, कुठून तरी जुन्या कॅसेटवरून काढलेला, चिरका करून टाकलेला. पोरी नाचायला लागल्या. मांडव घातला खारीचे काठाला. मी वाट बघत होते. खरं सांगते, इतकी वर्षं त्या ओळीला मी कान झाकले, आणि आता उतारवयात ती यायची म्हणून वाट बघते. हळदीला जाते ती तेवढ्यासाठीच. जगात कुठंतरी त्याचं नाव माझ्या नावाशेजारी अजून घेतलं जातं, म्हणून.

ओळ आलीच नाही. मांडव घातला, मांडव घातला, असं तीनचार वेळा झालं, मग नुसता ढोल, मग पोरांच्या आरोळ्या, आणि एकदम शेवट.

मी गर्दीतून वाट काढत त्या डीजेवाल्यापाशी गेले. त्याच्या कानाशी ओरडून विचारलं, "यात नावं होती ना? हिराजी? जयवंती?"

"ती काढली, मावशी," तो ओरडला. "नवीन केलंय गाणं. कोणाच्यापण हळदीला चालायला पाहिजे ना!"

"कोणी काढली?"

त्याला ते माहीत नव्हतं. त्यानं गाणं पुन्हा लावलं. सगळ्यांना पुन्हा पाहिजे होतं.